खाऱ्या पाण्यातील गाडा व ट्रॉलीचा गंज

अनंत चतुर्दशीस लालबाग-परळ भागातील मोठ्या गणेशमूर्ती लोखंडी गाड्यांवरून गिरगाव चौपाटीस नेल्या जातात. गाडा समुद्रात उतरला की चाके, आस व सांगाड्याची खालची बाजू खाऱ्या पाण्यात भिजते. सन २०२५ मध्ये भरतीमुळे लालबागच्या राजाचे विसर्जन दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत लांबले व मूर्ती कित्येक तास पाण्यात उभी राहिली. पाण्यातून काढलेला गाडा धडधाकटच दिसतो. खरी झीज होते ती पुढे, तो कोरड्या जागी उभा असताना.

शेतकऱ्याच्या ट्रॉलीचेही तसेच आहे. मिठागरातील मीठ वाहणारी, खारजमिनीतून जाणारी किंवा फुटक्या पोत्यांतील खताचा चुरा अंगावर घेतलेली ट्रॉली पावसाळाभर गोठ्याशेजारी उभी असते. लोखंड गंजण्यास पाणी व हवा पुरतात. क्षार ते काम फार जलद करतो, शिवाय हवेतील ओलावा ओढून लोखंड सुकू देत नाही. म्हणून वर्षाअखेरच्या महागड्या रंगापेक्षा त्याच दिवशीची गोड्या पाण्याची धुलाई अधिक मोलाची होय. वरून बादल्या ओतून भागत नाही. आडव्या चॅनेलांचे कोपरे, कमानपाट्यांच्या फटी व आसेची वरची बाजू खालून पाण्याचा जोराचा झोत मारून धुवावी. पेटीसारख्या बंद नळ्यांना तळाशी पाणी निघण्यास भोक असावे. नसल्यास नळी आतून कुजते आणि बाहेरचा रंग मात्र शाबूत राहतो.

पुढे रिकामी ट्रॉली ओंडक्यांवर भक्कम टेकवावी. केवळ जॅकवर उचललेल्या ट्रॉलीखाली कोणीही शिरू नये. सांगाडा हातोडीने ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर तेथे जाडी उरलेली नाही असे समजावे. ट्रॅक्टरला जोडण्याची दांडी, तिचे वेल्डिंग व आसेची बैठक येथे असे आढळल्यास वरून पट्टी जोडून वेळ मारून नेऊ नये. भरल्या ट्रॉलीची दांडी उतारावर तुटली तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते. कुजलेला भाग शाबूत लोखंडापर्यंत कापून नवा बसवावा.

वरवरचा गंज तारेच्या ब्रशाने खरवडावा, पुन्हा गोड्या पाण्याने धुवावे, पूर्ण सुकू द्यावे आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावावा. त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत. क्षारावर दिलेला रंग फोड येऊन सुटतो. काही ठिकाणी इंजिनाचे जुने तेल फासण्याची चाल आहे. त्याने गंज काही काळ थोपतो खरा, परंतु ते टायरच्या रबरास अपायकारक असून त्यावर पुढे रंग धरत नाही.

चाके पाण्यात बुडाली असल्यास बेअरिंगकडे लगेच लक्ष द्यावे. ग्रीस दुधाळ झालेले दिसले तर आत पाणी शिरले आहे. बेअरिंग रॉकेलने वा डिझेलने धुऊन, सुकवून नवे ग्रीस भरावे व ऑइलसील बदलावे.