वर पोचलात, पण कसे? : मुक्त आरोहणाच्या वाटाड्यांकडून शिकलेल्या नऊ गोष्टी

मी प्रस्तरारोहण शिकले ते सह्याद्रीत. पुढे नोकरीनिमित्त जर्मनीत न्यूरेंबर्गला आले आणि शहराच्या उत्तरेला पसरलेल्या फ्रँकेनयुराच्या चुनखडीच्या कड्यांवर चढू लागले. आमच्या मोहिमांनंतर सगळे विचारायचे, ‘सुळका झाला का?’ इथे कड्याखाली भेटणारा माणूस विचारतो, ‘कसा केलास? मध्ये दोरावर विसावलीस का? बोल्टला हात लावलास का?’ या प्रश्नांनी माझं चढणं बदललं. ते पहिल्यांदा कुणी विचारले, हे शोधत गेले तशी मुक्त प्रस्तरारोहणाची, म्हणजे फ्री क्लाइंबिंगची, वाट घालून देणारी माणसं भेटत गेली.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. फ्री क्लाइंबिंग म्हणजे दोराविना चढणं नव्हे. दोर, हार्नेस, खडकात पक्के बसवलेले बोल्ट, खाली बिले देणारा, म्हणजे दोर सांभाळणारा, जोडीदार, सगळं असतं. पण ते पडलो तर झेलण्यापुरतं. वर जायचं ते स्वतःच्या हातापायांनी, खडकानं दिलेल्या पकडींवर. दोराला लोंबकळून दम खाल्ला किंवा मेखेला धरून अंग वर ओढलं, की ती चढाई मुक्त राहत नाही. हे बंधन आपणहून स्वीकारणाऱ्यांनीच हा खेळ मोठा केला, अशी माझी पक्की धारणा आहे. त्यांच्याकडून मी जे शिकले ते असं :

१. जेवढं उतरता येईल तेवढंच चढा

ऑस्ट्रियाचा पॉल प्रॉइस लहानपणी आजारानं काही काळ जवळजवळ पांगळा झाला होता. मोठेपणी त्यानं वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि आल्प्सची शेकडो शिखरं पालथी घातली. २८ जुलै १९११ रोजी ब्रेंटा डोलोमाइट्समधल्या कंपानिले बासो या सुळक्याची पूर्वेकडची भिंत तो एकट्यानं, दोराविना चढला. त्याच वर्षी त्यानं कातळात पिटॉन, म्हणजे मेखा, ठोकत चढण्याविरुद्ध लेख लिहिला आणि आल्प्समधल्या आरोहकांत मोठा वाद पेटला. टिटा पियात्स, फ्रांत्स नीबेर्ल यांच्यासारखे मातब्बर त्याच्या विरोधात उभे राहिले. साधनं नाकारली तर तरुण जीव जातील ही त्यांची काळजी खरी होती. प्रॉइसचं म्हणणं असं, की आपली कुवत समोरच्या अडचणीहून मोठी असावी, पिटॉन फक्त संकटात वापरावा, आणि जी जागा आपल्याला उतरता येत नाही ती चढायला घेऊ नये.

ऑक्टोबर १९१३ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, एकटा चढत असताना पडून तो गेला. त्याच्यासारखी मी दोराविना चढत नाही. उतरण्याचा त्याचा नियम मात्र कटाक्षानं पाळते. अवघड टप्प्याखाली आले की थोडी वर जाते, पकडी चाचपते आणि चढूनच परत खाली येऊन विसावते. परतीची वाट पायांना माहीत झाली की डोकं शांत राहतं, हात पकडीला गरजेपेक्षा जास्त आवळत नाहीत. नव्या मुलांना मी सुरुवातीला उतरायलाच शिकवते.

२. नियम खडकाला विचारून करा

ड्रेस्डेनजवळ एल्ब नदीच्या काठी वालुकाश्माचे हजाराहून अधिक सुळके आहेत. १८७४ मध्ये तिथल्या म्योंखश्टाइनवर दोघं जण कृत्रिम साधनांशिवाय चढले आणि त्या भागातल्या मुक्त आरोहणाची सुरुवात तिथपासून मानली जाते. पुढे रूडोल्फ फेरमान यानं या परिसराचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं आणि १९१३ च्या आवृत्तीत नियम लेखी मांडले. लोखंडी कड्या ठरावीक जागीच, आणि त्याही चढायला नाहीत, सुरक्षेला. आजही तिथे हाताला लावायचा चॉक चालत नाही. भेगेत धातूचे नट अडकवायचे नाहीत. गाठी मारलेले दोराचे फास लाकडी पट्टीनं भेगेत सारून बसवायचे. पाऊस झाला की खडक सुकेपर्यंत थांबायचं, कारण ओला वालुकाश्म कमजोर होतो, पकडी तुटतात.

गाठीच्या भरवशावर पुढे सरकताना सुरुवातीला माझ्या पोटात गोळा यायचा. हळूहळू कळलं, की या नियमांमागे खडकाचा अभ्यास आहे. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट वेगळा. तो थराथरांचा, सैल दगडांचा. प्रत्येक पकड आधी ठोकून, हलवून पाहावी लागते. एल्बचे नियम तिथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत. लागू होतो तो प्रश्न : या खडकाला काय सोसतं?

ड्रेस्डेनचाच फ्रिट्झ वीसनर ही रीत घेऊन अमेरिकेला गेला. १९३७ मध्ये त्यानं दोन साथीदारांसह वायोमिंगचा डेव्हिल्स टॉवर मुक्त पद्धतीनं सर केला, एकच पिटॉन ठोकून. नियम माणसाबरोबर प्रवास करतात, ते असे.

३. पडलात तर पुन्हा खालून

कुर्ट आल्बर्ट न्यूरेंबर्गचा, गणित आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक. सत्तरच्या दशकात फ्रँकेनयुरात पिटॉनना धरून चढण्याचा प्रघात होता. एल्बकाठची रीत पाहून आलेल्या आल्बर्टनं वेगळा मार्ग धरला. जो पिटॉन न धरता पुढे जाता येईल, त्याच्याशेजारी तो लाल फुली काढायचा. सगळा मार्ग असा मोकळा झाला, की १९७५ पासून तो पायथ्याशी लाल ठिपका रंगवू लागला. ‘रोटपुंक्ट’, इंग्रजीत ‘रेडपॉइंट’, हे आज जगभरच्या स्पोर्ट क्लाइंबिंगचं माप आहे : खालून वरपर्यंत, न पडता, दोरावर न विसावता.

यातली मोठी गोष्ट म्हणजे पडण्याला मिळालेली जागा. मार्गाचा तुकडा तुकडा दोरावर लटकून हवा तितका घोटा. पडणं हा सरावच आहे. पण ‘मी हा मार्ग केला’ म्हणायचं, तर सगळे तुकडे एका दमात जोडून दाखवा. मी प्रत्येक अवघड मार्ग असाच करते, आणि शेवटच्या बोल्टपाशी पडले तरी दोर ओढून घेऊन पुन्हा पायथ्यापासून निघते. आल्बर्टचा मित्र वोल्फगांग ग्युलिश यानं १९९१ मध्ये याच डोंगरांत ‘ॲक्शन डिरेक्ट’ केला. ९ए या काठिण्य दर्जाचा तो जगातला पहिला मार्ग मानला जातो. एका शिक्षकाच्या रंगाच्या ब्रशनं घालून दिलेली शिस्त इथवर पोचली.

४. लहान दगडाला कमी लेखू नका

अमेरिकेचा जॉन गिल गणिताचा प्राध्यापक आणि जिम्नॅस्ट. पन्नासच्या दशकात त्यानं जिम्नॅस्टिक्समधला चॉक खडकावर आणला आणि झेप घेऊन पकड गाठण्याचं तंत्र घोटलं. मोठ्या पर्वताची रंगीत तालीम म्हणून पाहिल्या जाणाऱ्या बोल्डरिंगला, म्हणजे लहान दगडांवरच्या चढाईला, त्यानं स्वतंत्र कलेचा मान दिला. सुळक्यावर जायला सवड नसते तेव्हा मी बोल्डरवर जाते. पुरुषभर उंचीच्या दगडावरची एकच हालचाल पुन्हा पुन्हा करताना पावलाचा कोन, कंबरेचं वळण जेवढं उमगतं, तेवढं लांब मार्गावर उमगत नाही.

५. आपल्यामागे खडक होता तसा राहू द्या

पिटॉन ठोकायचा, काढायचा, पुन्हा ठोकायचा. यातून अमेरिकेतल्या योसेमिटीच्या ग्रॅनाइटमधल्या भेगा रुंदावत गेल्या. रॉयल रॉबिन्सनं इंग्लंडमध्ये हातोड्याविना अडकवायचे नट पाहिले आणि १९६७ मध्ये पत्नी लिझबरोबर योसेमिटीत ‘नटक्रॅकर’ हा नवा मार्ग फक्त नट वापरून केला. १९७२ मध्ये इव्हॉन श्वीनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांनी स्वतःच्या कंपनीच्या कॅटलॉगमधूनच पिटॉन सोडून नट वापरण्याचं आवाहन केलं. पिटॉन विकणं हाच त्यांचा मुख्य धंदा होता, हे लक्षात घेतलं की त्या आवाहनाचं मोल कळतं.

म्हणून सह्याद्रीत नव्या मोहिमेची आखणी करणाऱ्यांना मी एवढंच सांगते : जिथे भेग नट घेते, तिथे ड्रिल पिशवीतच राहू द्या. बोल्ट जिवासाठी लागतो तिथे जरूर मारा, चांगल्या दर्जाचा मारा. सोयीसाठी मारू नका.

६. आपल्या शरीराची भाषा शिका, आणि गाठ तपासा

योसेमिटीतल्या एल कॅपिटनचा ‘नोज’ हा सुमारे ९०० मीटरचा मार्ग वॉरन हार्डिंगच्या चमूनं १९५८ मध्ये कृत्रिम साधनांनी सर केला. तो पूर्णपणे मुक्त चढण्याचा प्रयत्न अनेक नामवंतांनी केला. १९९३ मध्ये ते साधलं लिन हिलला, ब्रूक सँडाल या जोडीदाराबरोबर. पुढच्याच वर्षी तिनं तो एका दिवसात, २३ तासांत केला. तिची उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. ‘ग्रेट रूफ’ या छताखालच्या बारीक भेगेत तिची लहान बोटं शिरली. वरच्या कोपऱ्यात तिनं पाठ, तळवे, पाय सगळं भिंतींवर रेटत स्वतःची रीत शोधली.

उंच जोडीदार सहज गाठतो ती पकड माझ्या हाताला लागत नाही, तेव्हा त्याची नक्कल सोडून मी पाऊल वर घेण्याची जागा शोधते. बहुतेकदा ती असते.

हिलकडून दुसरीही गोष्ट घेण्यासारखी आहे. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे दोराची गाठ पुरी बांधायची राहून गेली आणि ती सुमारे २५ मीटर कोसळली. झाडामुळे वाचली. जगातल्या अव्वल आरोहकाच्या बाबतीत हे घडू शकतं, तर कुणाच्याही घडू शकतं. जमिनीवरून पाय उचलण्याआधी एकमेकांची गाठ, बकल, बिले डिव्हाइस हात लावून बघणं याला माझ्याकडे सूट नाही.

७. जोडीदारासाठी थांबा

टॉमी कॉल्डवेलच्या डाव्या हाताच्या तर्जनीचा भाग २००१ मध्ये करवतीनं तुटला होता. तरीही तो आणि केव्हिन जॉर्जसन १४ जानेवारी २०१५ रोजी एल कॅपिटनच्या ‘डॉन वॉल’वरून मुक्त चढत माथ्यावर पोचले, १९ दिवस भिंतीवरच मुक्काम करून. मधल्या पंधराव्या टप्प्यावर जॉर्जसन कित्येक दिवस अडकला होता. कॉल्डवेल पुढे जाऊ शकत होता. तो जोडीदारासाठी थांबला. बिले देताना मान अवघडते, थंडी वाजते, तेव्हा मला हे आठवतं आणि वर चढणाऱ्याला मी घाई करत नाही.

८. धाडसाआधी तयारी पाहा

३ जून २०१७ रोजी ॲलेक्स ऑनोल्ड एल कॅपिटनचा ‘फ्रीरायडर’ दोराविना, चार तासांच्या आत चढला. तरुण मुलं ते बघून माझ्याकडे येतात. मी त्यांना सांगते, की त्याआधी तो दोर लावून त्या भिंतीवर वारंवार गेला होता आणि अवघड टप्प्यांवरची एकेक हालचाल त्यानं पाठ केली होती. हेही सांगते, की दोराविना चढण्यात अतुलनीय असलेला जॉन बाकर २००९ मध्ये तसाच चढत असताना पडून गेला. त्यांची तयारी घ्यावी. दोर सोडू नये.

९. खरं लिहा

कड्यावर पंच नसतो. मध्ये विसावलो की नाही, हे आपल्याला आणि बिले देणाऱ्याला ठाऊक असतं. आल्बर्टचा लाल ठिपका शब्दाच्या भरवशावरच चालला. म्हणून सुळक्याच्या पहिल्या चढाईची नोंद करताना किती मेखा मारल्या, कुठे दोरावर भार टाकला, कुठे निव्वळ हातापायांनी गेलो, हे सगळं लिहावं. त्यात कमीपणा काहीच नाही. हार्डिंगच्या चमूनं साधनं कुठे वापरली हे उघड होतं, म्हणूनच काय उरलं आहे ते पुढच्यांना दिसलं आणि ३५ वर्षांनी हिलनं ते पुरं केलं. जिथे मेखेला धरलंत, तिथे ‘मेखेला धरलं’ असंच लिहा. पुढच्या पिढीतली एखादी मुलगी आपलं काम नेमकं तिथून सुरू करील.