'ब' काविळीचे वाण

मालदांडी वेगळी, दगडी वेगळी. पण दोन्ही ज्वारीच. 'ब' काविळीच्या विषाणूचेही असेच वाण आहेत.

हा विषाणू रक्तात राहतो आणि यकृत नासवतो. त्याचा सारा गुण सुमारे ३,२०० अक्षरांत मावतो. एकाचे अनेक होताना ही अक्षरे पुन्हा पुन्हा उतरली जातात आणि एखादे चुकते. पाटीवर लिहिताना आपणही चुकतो की! पण आपण पुसतो. विषाणूला पुसता येत नाही. पिढ्यान् पिढ्या चुका साठतात. शंभरात आठांहून जास्त अक्षरे बदलली, की शास्त्रज्ञ तो वाण निराळा मानतात.

आपल्या देशात 'डी' वाण जास्त, 'ए' त्याखालोखाल. चीन-जपानकडे 'बी' आणि 'सी'. 'सी' मोठा चिवट. आईच्या रक्तात तो वर्षानुवर्षे जोरात राहतो, म्हणून बाळंतपणात बाळालाही लागतो.

मग लस कोणत्या वाणाची घ्यावी? आम्हांलाही आधी हाच प्रश्न पडला होता. पण विषाणूच्या सालीवर एक खूण असते. ती सगळ्या वाणांत बहुतेक सारखीच. लस अंगाला तीच खूण ओळखायला शिकवते. त्यामुळे एकच लस सगळ्यांना पुरते.

घाई आहे ती वेळेची. जन्मताना लागण झालेल्या शंभर बाळांपैकी नव्वदांच्या अंगात हा विषाणू कायमचा ठाण मांडतो. म्हणून पहिली लस २४ तासांच्या आत हवी. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. घरी कुणी म्हणेल, "पाचवी पुजू, मग नेऊ." तोवर उशीर होतो.