मुलांच्या मनाची अमानत

आदरणीय अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर एका चिमुकल्या पक्ष्याशी खेळत असे. तो पक्षी मेला आणि मूल उदास झाले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती उदासी ओळखली, कारण विचारले आणि मुलाला लाडाने हाक मारून त्याच्या पक्ष्याची विचारपूस केली. हदीस संग्रहांत जतन झालेल्या या हकिकतीचा बोध स्पष्ट आहे: बालकाचे दुःख क्षुल्लक नसते.

आपल्याकडे मात्र मूल अबोल झाले, त्याची झोप उडाली वा अभ्यासातून मन उठले की ईमान कमकुवत, नजर लागली किंवा आळस असे निदान घरातच होते. वस्तुतः दुःख म्हणजे ईमानाचा अभाव नव्हे. पुत्रवियोगाने आदरणीय याकूब (अलै.) यांचे डोळे पांढरे पडले, असे पवित्र कुरआनची सूरह यूसुफ सांगते, तरीही अल्लाहवरील त्यांची आशा ढळली नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. म्हणजे साधारण चौदांमागे एक.

अल्लाहने प्रत्येक आजारासोबत उपायही उतरविला आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. उंट आधी बांधावा, मग भरवसा ठेवावा, हीही त्यांचीच. म्हणून दुआ आणि उपचार परस्परविरोधी नाहीत. दहाव्या शतकात अबू जैद अल्‌-बल्खी यांनी शरीर व मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात विवेचन केले होते.

उपचार मिळतो कोठे? शिरूर व दौंड येथून पुणे शहर सुमारे ७० ते ८० किलोमीटर. जिल्हा रुग्णालय तर त्याही पलीकडे औंधला. मजुरी बुडवून, प्रवासखर्च सोसून एकदा जाणे जमते. दर महिन्याला जाणे जमत नाही आणि उपचार अर्ध्यावर सुटतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला परवडणारी, जवळची सेवा मिळण्याचा हक्क दिला आहे. तो मागणे ही याचना नव्हे.

तोवर जवळची दारे तरी ठोठवावीत. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सेवा विनामूल्य, अहोरात्र आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा मुलाची अडचण लपवू नये. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात किशोरवयीनांसाठी समुपदेशन कोणत्या दिवशी असते, हे पालकांनी विचारून घ्यावे. मूल मरणाची भाषा बोलू लागले तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

मशिदीचे इमाम व मकतबचे शिक्षक यांचा शब्द घराघरांत मानला जातो. जुमाच्या एका खुतब्यातून हा विषय मांडला गेला, तर कित्येक मातांची भीड चेपेल.

संतती ही अमानत आहे. तिच्या अन्नवस्त्राचा हिशेब द्यावयाचा आहे, तसाच मनाचाही. आज रात्री आपल्या मुलाजवळ बसा आणि विचारा: बेटा, तुझ्या पक्ष्याचे काय झाले?