नाइट संपल्यावर स्कूटरला हात लावू नकोस

हुणसूर,
हरतालिका, दुपार

चि. बाबीस,


उपासाच्या दिवशी रागावू नये म्हणतात, म्हणून सकाळपासून पेन हातात घेतलं नाही. आता पूजा झाली, बायका पांगल्या, तरी राग काही उतरला नाही. तेव्हा लिहितेच.

तुझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलीची आई परवा म्हैसूरला देवराज मार्केटात भेटली. केळीची पानं बघता बघता म्हणाली, "अय्यो, भाचीच्या हनुवटीचे टाके काढले का हो?" कोणते टाके? मी आपली "हो हो, बरी आहे आता" म्हणाले आणि पानं न घेताच स्टँडवर आले. पुढचं तिच्या मुलीकडून फोनवर काढून घेतलं. तिला रागावू नकोस, आत्याने उलटतपासणी घेतली तर ती बिचारी काय करणार! नाइट सकाळी संपली, मग राउंड, मग एका पेशंटची सेंट्रल लाइन, मग नातेवाइकांशी बोलणं, आणि भर दुपारी तू स्कूटर काढलीस. सिग्नलपाशी डोळा लागला आणि दुभाजक. वेग कमी होता म्हणे. वेग कमी होता हे तू मला सांगायला हवं होतंस, तिने नव्हे.

आणि गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मास्क लावून बसलीस. "वॉर्डातूनच बोलतेय आत्या." वॉर्डात माझ्या हाताने शिवलेला नारिंगी पडदा कधीपासून लागला गं?

अण्णांना मी काही बोललेले नाही. त्यांचं बीपी तुला माहीत आहे. गेल्या खंडेनवमीला त्यांनी त्या स्कूटरला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, के.ए. ४५ ची पाटी स्वतः पुसली, आणि मग ती पुण्याला पाठवली. लिंबाने आपलं काम केलं असं ते म्हणतील. मी नाही म्हणणार.

तू डीएमला आहेस, भूलशास्त्रातली एमडी झालेली आहेस, मी एक रिटायर्ड सिस्टर. व्हेंटिलेटरबद्दल तुला काही सांगायला मी जाणार नाही. पण जागरणाबद्दल सांगेन, त्यात माझा हात कुणी धरू नये. नर्सिंगच्या मुलींना शिकवायचे तेव्हा १९९७ सालचा एक अभ्यास मी दर बॅचला सांगत असे. सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात आणि डोळे रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतके मंदावतात. २४ तास झाले की जवळजवळ ०.१० टक्के. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्याला कायद्याने मुभा आहे ०.०३ टक्क्यांची. म्हणजे त्या दुपारी तू कायद्याच्या हिशेबाने झिंगलेली होतीस. पोलिसाने नळीत फुंकायला लावलं असतं तर यंत्राने शून्य दाखवलं असतं आणि त्याने "जा मॅडम" म्हणून सलाम ठोकला असता, एवढाच फरक.

बॉस्टनच्या आयसीयूतही हे तपासून झालं आहे. २००४ साली छापून आलं: २४ तासांहून लांब ड्युट्या करणाऱ्या इंटर्नच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. ती मुलं काही ढ नव्हती. तूही नाहीस. म्हणूनच तर भीती वाटते, हुशार माणसाला आपण दमलोय हे सगळ्यांत शेवटी कळतं.

तू म्हणशील, आत्या, हे मला नको सांगू, ड्युटी लावणाऱ्यांना सांग. बरोबर आहे. १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत. २०२४ च्या टास्क फोर्सने ७४ च्या वर जाऊ नका, आठवड्यात एक सुट्टी द्या, असं सुचवलं. अठ्ठेचाळीसचे चौऱ्याहत्तर झाले, आणि तेही सूचनेतच! पण तुझ्या युनिटचा रोस्टर कोण लिहितं? मागे तूच म्हणाली होतीस, "आता मी सीनियर, रोस्टर माझ्याकडे." मग त्या रोस्टरमध्ये सगळ्या फर्स्ट इयरच्या पोरांना पोस्ट-नाइट सुट्टी आहे आणि तुझ्या नावापुढे नाही, हे कसं? मला कळलंय. ते चांगुलपणाने केलंस तेही कळलंय. आपल्या घरातली ही जुनी खोड आहे, आजीपासूनची. सगळ्यांना वाढून झालं की उरलंसुरलं आपण.

इथे आता बार्न पेटलेत. दादाकाकांकडे तंबाखूची दुसरी भट्टी लागली आहे, सगळ्या रस्त्याला तो गोडसर धूर. तुला आठवतं ना, पाच-सहा दिवस रात्रंदिवस उष्णता बघावी लागते; पान पिवळं होईपर्यंत मंद आच, मग हळूहळू चढवत देठ सुकेपर्यंत सत्तर अंशांच्या आसपास. एक पान सुटून गरम नळीवर पडलं तर बार्न पेटतो. काका इतके कंजूष, पण मध्यरात्री दुसरा माणूस आल्याशिवाय राहत नाहीत. पहिल्याला घरी पाठवतात, नाही गेला तर शिव्या देऊन पाठवतात. पानांसाठी एवढं करतात गं माणसं.

आणि तुमची आयसीयू तरी जन्मली कशी? १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वास थांबलेली मुलं एकामागून एक येत होती, यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इब्सेन नावाचा डॉक्टर, तुझ्याच शाखेचा, भूलतज्ज्ञ. त्याने गळ्यात नळी घालून हाताने पिशवी दाबायला लावली. कोणाला? मेडिकलच्या विद्यार्थ्यांना. महिनोन्‌महिने, जवळजवळ दीड हजार मुलांनी मिळून. मला त्या गोष्टीत सगळ्यांत काय आवडतं सांगू? त्या मुलांच्या पाळ्या लावल्या होत्या. हात थकतो हे गृहीत धरूनच ते सगळं उभं केलं होतं. एकेका पेशंटला एकच गुणी विद्यार्थी दिला असता तर ती पोरं वाचली नसती.

आता तू म्हणशील, मग झोपू कुठे? इथे माझी बोलती बंद होते. "ड्युटी रूममध्ये दोन तास झोप आणि मग नीघ" असं लिहिणार होते, तेवढ्यात ९ ऑगस्ट २०२४ आठवला. कोलकात्याची ती डॉक्टर मुलगी रात्रीच्या ड्युटीत सेमिनार हॉलमध्ये विसावायलाच गेली होती, आणि तिथेच तिचा जीव घेतला. त्या दिवसानंतर तुझा फोन लागेना, तेव्हा अण्णा अंगणात फेऱ्या घालत होते. झोपायला सुरक्षित जागा नाही म्हणून पोरीने अर्धवट झोपेत गाडी चालवायची, यावर मी काय उपदेश करू? तरी एवढं कर. सिस्टर्सच्या खोलीत विचार. तिथे आतून कडी असते आणि आमची जात डॉक्टरांना वाटते तेवढी वाईट नाही. इन्चार्जला अक्का म्हण, उशीसुद्धा देईल.

नाहीतर रिक्षा. स्कूटर नाही म्हणजे नाही. नाइटला जाताना स्कूटर न्यायचीच नाही, मग येताना मोह नको.

मी काही शहाणी होते असं समजू नकोस. तुझ्यापेक्षा लहान होते तेव्हा म्हैसूरला वॉर्डात कीटकनाशक प्यायलेले शेतकरी यायचे, आपल्याच तालुक्यातले, कधी ओळखीचेही. पंप वगैरे नव्हते. एका अ‍ॅम्प्युलमध्ये अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलीग्रॅम, आणि माणसाला लागायचं ढिगाने. रात्रभर काचेच्या माना मोडायच्या, इंजेक्शन द्यायचं, छाती ऐकायची, जीभ कोरडी पडली का बघायचं, पुन्हा मोडायच्या. सकाळी बोटांना चिरा. त्या चिरांचा मला केवढा गर्व होता! दुसरीची नाइटही मीच मागून घ्यायचे. तशी सकाळी पहिली बस धरून हुणसूरला यायला निघाले की हमखास झोप लागायची, आणि कंडक्टर पिरियापट्टणला उठवायचा. "सिस्टर, मडिकेरीला कॉफी प्यायला चाललात का?" घरी येईपर्यंत आजीचं जेवण होऊन गेलेलं असायचं. ती ताट झाकून ठेवायची. मी झाकण न उघडताच झोपायचे आणि संध्याकाळच्या बसने परत. शेवटच्या वर्षी ती म्हणायची, एकदा दिवसाढवळ्या ये, जागी असशील तेव्हा ये. मला वाटायचं, वेळ आहे. त्या पेशंटांतले कितीतरी जगले, त्याचं समाधान आहेच. पण आजीशी नीट बोलणं झालं नाही ते नाहीच.

पण बस होती बाबी, ड्रायव्हर जागा होता. तुझ्या स्कूटरवर कोण जागं असतं?

आणि एक. पहाटे तीनला पेशंट बिघडला की कन्सल्टंटला फोन करायला तू आता कचरतेस का? पूर्वी करायचीस, सीनियर झाल्यापासून कमी झालं असं ती मुलगी म्हणाली. झोपमोड झाली तर ते चिडतील, चिडू देत. सकाळी विसरतात. मी शेकड्याने डॉक्टर पाहिले, ज्याला फोन करायची लाज वाटत नसे त्याच्या वॉर्डात आम्हीसुद्धा निवांत असायचो.

बरं, फार बोलले. तू जे करतेस ते मला कळतं. मागे त्या गर्भार बाईला तुम्ही सतरा दिवसांनी व्हेंटवरून काढलंत, तो तुझा निरोप मी अजून ठेवलाय. अण्णांनी तो बँकेतल्या क्लार्कलासुद्धा वाचून दाखवला, कन्नडमध्ये भाषांतर करून. गल्लीत तुझं नाव निघालं की मी पदर नीट करते, हसू नकोस.

रिक्षासाठी पैसे पाठवते आहे, दर महिन्याला पाठवीन. पेन्शन मला पुरून उरते. पुस्तकं घेऊ नकोस त्यातून, आणि आईसाठी साडी तर मुळीच नाही. फक्त रिक्षा. उद्या मोदक होतील, तुझ्या वाटचे पोस्टाने टिकायचे नाहीत, म्हणून चकली आणि कोडुबळे वेगळे बांधलेत. त्या शेजारणीलाही दे, तिच्या आईशी मला अजून बोलायचंय.

टाके कोणी घातले? नायलॉन होतं ना? डाग राहील का? सिलिकॉनची जेल मिळते म्हणे, पण तू डॉक्टर, तुला काय सांगायचं. मास्क काढून एक फोटो पाठव. उजेडात, हनुवटी वर करून. अण्णांना नाही, मला.

तुझी,
आत्या