वाया जाते ते काय?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत बीड ओतणाऱ्या अनेक फौंड्री आहेत. बीड म्हणजे ओतीव लोखंड. अशा ठिकाणी कधीकधी नापास नगांचा ढीग दिसतो. एखाद्या नगात वायूमुळे पोकळी राहिलेली असते, तर एखाद्यात गाभा सरकल्याने भिंत पातळ झालेली असते. ‘पुन्हा भट्टीत टाकले की झाले, नुकसान कसले?’ असे तुम्ही विचाराल. लोखंड तर बहुतेक सारे परत मिळते. मग वाया जाते ते काय?

बीड सुमारे ११५० ते १२०० अंश सेल्सिअसला वितळते. तेथवर तापविण्यास उष्णता लागतेच. शिवाय घनाचा द्रव होताना अप्रकट उष्मा द्यावा लागतो. रस साच्यात थिजला की ही सारी उष्णता वाळूत व हवेत निघून जाते. विजेच्या भट्टीत एक टन बीड वितळविण्यास पाचशेहून अधिक युनिटे लागतात. नग नापास झाला की ती वीज दुसऱ्यांदा खर्चावी लागते. साचा भरणाऱ्याचे श्रम आणि गेलेला वेळ मात्र भट्टीत टाकूनही परत येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटा कंपनीत ताइइची ओनो या अभियंत्याने अशा अपव्ययाचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, खोळंबा, अनावश्यक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, हातापायांची निरर्थक हालचाल आणि सदोष माल. यांत जास्तीचे उत्पादन सर्वांत वाईट, कारण त्याच्या ढिगाखाली बाकीचे दोष झाकले जातात.

हे कसे? समजा, फौंड्रीतून नग २००च्या गठ्ठ्याने लेथवर जातात आणि दोष लेथवरच उघडकीस येतो. पहिल्याच नगापासून गाभा चुकीचा बसत असेल, तर ते कळेपर्यंत किमान २०० नग बिघडलेले असतील. तेच नग २०च्या गठ्ठ्याने पाठविले, तर २० नगांनंतरच चूक लक्षात येईल.

मग सगळेच लहान गठ्ठे का करीत नाहीत? दर वेळी पॅटर्न बदलण्यात तास जात असेल, तर लहान गठ्ठा परवडत नाही. म्हणून आधी हा बदलाचा वेळ कमी करावा लागतो. टोयोटाने प्रेसवरील ठसे बदलण्याचे काम तासांवरून मिनिटांवर आणले, तेव्हाच लहान गठ्ठे शक्य झाले.

करून पाहा

तिघांनी मिळून १० पाकिटे तयार करा. एकाने घडी घालावी, दुसऱ्याने खळ लावून चिकटवावे, तिसऱ्याने पत्ता लिहावा. प्रत्येक कामाला एक मिनिट धरा. आधी प्रत्येकाने दहाही पाकिटे संपवूनच पुढे द्यावीत. पहिले पाकीट २१व्या मिनिटाला पुरे होईल व शेवटचे ३०व्या. नंतर एकेक पाकीट होताच पुढे द्या. आता पहिले ३ऱ्या मिनिटाला मिळेल व शेवटचे १२व्या.

कोणीही हात अधिक भरभर चालविला नाही. दोन्ही वेळा प्रत्येकाने दहाच मिनिटे काम केले. मग १८ मिनिटे कोठे वाचली? पहिल्या रीतीत पाकिटे ढिगात नुसती पडून होती, आणि दोघे जण हात बांधून बसले होते.

आता घडी घालणाऱ्याला मुद्दाम तिरकी घडी घालायला सांगा. ती चूक पत्ता लिहिणाऱ्याच्या लक्षात येईपर्यंत किती पाकिटे फुकट गेली, हे दोन्ही रीतींत मोजा.