ज्यांनी विरोध केला, त्यांचंच नाव : पुण्याची महात्मा फुले मंडई



आठवडी बाजार आपल्या मुलांना नवा नाही. केदारखेडा असो की भोकरदन, बाजाराच्या दिवशी वर्गातली हजेरी कमी होते हे आपण सगळेच जाणतो. कुणी आईसोबत भाजी विकायला बसतं, कुणी वडिलांसोबत मिरचीच्या पोत्याजवळ थांबतं. मग हाच बाजार धड्यात आणला तर? म्हणून आज एका जुन्या बाजाराच्या इमारतीची माहिती देतोय. इतिहास, नागरिकशास्त्र आणि गणित, तिन्ही विषय तिच्यात सापडतात. इयत्ता सातवी-आठवीला एक-दोन तासिकांत हा पाठ आरामात होतो.

मंडई होण्याआधी

पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या पटांगणात भरायचा. डोक्यावर छप्पर नाही, खाली ओटा नाही. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात सुकलेली भाजी. आपल्याकडच्या बऱ्याच गावांत आजही असंच चित्र आहे, म्हणून मुलांना ते समजावून सांगावं लागत नाही.

शहर वाढत होतं. तेव्हा पुणे नगरपालिकेनं शुक्रवार पेठेत बाजारासाठी पक्की इमारत बांधायचं ठरवलं. 5 ऑक्टोबर 1886 रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं आणि त्यांच्याच नावावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणू लागले. बांधकाम केलं वासुदेव बापूजी कानिटकर यांनी. फर्ग्युसन कॉलेजची मुख्य इमारतही त्यांच्याच नावाशी जोडलेली आहे.

इमारत कशी आहे?

फळ्यावर आधी एक अष्टकोन काढा. तो मधला मनोरा. आता त्या अष्टकोनातून बाहेर जाणाऱ्या लांब पडव्या काढा. झाला मंडईचा ढोबळ आराखडा! मधला मनोरा सुमारे 80 फूट उंच आहे. वर टोकदार उतरतं छप्पर, खाली दगडी काम आणि टोकदार कमानी. या शैलीला गॉथिक म्हणतात. युरोपात ती मुख्यतः चर्चसाठी वापरली गेली. इंग्रजांनी तीच शैली आपल्याकडे रेल्वे स्टेशन, कोर्ट, कॉलेज आणि बाजार यांनाही दिली.

हा आकार नुसता शोभेसाठी नाही. लांब पडव्यांना दोन्ही बाजूंनी उजेड आणि वारा मिळतो, त्यामुळे भाजी लवकर कोमेजत नाही. मधला भाग उंच असल्यानं गरम हवा वर जाते. गिऱ्हाईक कोणत्याही बाजूनं आत आलं तरी मधोमध पोचतं आणि तिथून हव्या त्या पडवीत वळतं. विक्रेते उंच ओट्यावर बसतात, म्हणजे माल जमिनीच्या ओलीपासून दूर राहतो आणि गिऱ्हाइकाला न वाकता दिसतो.

गणिताचा तास

अष्टकोनाच्या सर्व आंतरकोनांची बेरीज किती? (8 − 2) × 180 = 1080 अंश. नियमित अष्टकोन असेल तर एक कोन 135 अंशांचा. केंद्राशी होणारा प्रत्येक कोन 360 ÷ 8 = 45 अंशांचा. पुस्तकातला अष्टकोन मुलं विसरतात, पण ‘मंडईचा मनोरा’ म्हटलं की लक्षात राहतो.

आता मुख्य गोष्ट

जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. या मार्केटवर एवढा मोठा खर्च करायला त्यांनी विरोध केला. हरी रावजी चिपळूणकर यांनीही त्यांना साथ दिली. जोतीरावांचं म्हणणं असं की हा पैसा आधी शिक्षणावर खर्च व्हावा. बहुमत दुसऱ्या बाजूला होतं आणि इमारत उभी राहिली.

हा विरोध अचानक आलेला नव्हता. 1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार होते. त्यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव नगरपालिकेत आला, तेव्हा 32 सदस्यांपैकी एकट्या फुल्यांनी विरोधात मत दिलं. तेव्हाही त्यांचं सांगणं हेच होतं की हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. तिन्ही वेळा मुद्दा एकच होता : कर सगळ्यांकडून गोळा होतो, मग तो खर्च कुणासाठी होतो?

पुढे काळ बदलला. 1930 च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकारानं ‘रे मार्केट’चं नाव ‘महात्मा फुले मंडई’ झालं. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, तिलाच त्यांचं नाव मिळालं. मुंबईचं 1869 सालचं क्रॉफर्ड मार्केटही आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणूनच ओळखलं जातं.

वर्गात काय घडलं

पूर्वी हा भाग मी सरळ शिकवायचो : फुले बरोबर, नगरपालिका चूक. एका वर्षी एका मुलानं हात वर केला. म्हणाला, “सर, माझी आई बाजारात खालीच बसते. पाऊस आला की सगळी कोथिंबीर भिजते. ओटा बांधला तर त्यात काय चुकलं?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. मुलाचं म्हणणं खरं होतं. भाजीवालीला छप्पर हवंच. जोतीरावांना तर हा व्यवहार आतून ठाऊक होता. त्यांचं घराणं फुलांच्या धंद्यातलं, ते स्वतः बांधकामाची कंत्राटं घेत आणि 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनीच लिहिला. भाजी विकणाऱ्यांनी उन्हात बसावं, असं त्यांना वाटत असेल हे शक्यच नाही. प्रश्न ओटा हवा की नको, असा नव्हताच. पैसा थोडा आणि गरजा जास्त असताना आधी काय, आणि किती थाटात, हा प्रश्न होता.

तेव्हापासून मी उत्तर सांगत नाही. वर्गाचे दोन गट करतो. एक गट ‘आधी बाजार’, दुसरा ‘आधी शाळा’. दहा मिनिटं तयारी, मग चर्चा. नंतर गट उलटे करायचे, म्हणजे जे बाजाराच्या बाजूनं बोलले त्यांनी शाळेच्या बाजूनं बोलायचं. दुसऱ्याची बाजू मांडताना मुलं जास्त विचार करतात, हा माझा अनुभव आहे.

मुलांना विचारायचे प्रश्न

1. आपल्या गावच्या बाजाराचा नकाशा काढा. सावली कुठे आहे? पाणी कुठे आहे?
2. बाजारात बसणाऱ्यांकडून पैसे कोण घेतं आणि त्या पैशातून काय होतं?
3. विरोध केलेल्या माणसाचं नाव त्याच इमारतीला देणं तुम्हाला योग्य वाटतं का? कारण लिहा.
4. नगरपालिकेत एकट्यानं विरोधात मत देणं सोपं असेल का?

पालकांसाठी दोन शब्द

पुण्याला जाणं झालं तर मुलांना मंडई जरूर दाखवा. सप्टेंबर 2024 पासून तिथे ‘मंडई’ नावाचं मेट्रो स्टेशनही सुरू झालंय. मनोऱ्याखाली उभं राहून मुलांना वर बघायला सांगा आणि मग ही गोष्ट सांगा.

जाणं झालं नाही तरी काही बिघडत नाही. ग्रामसभा आपल्याच गावात भरते. गावाच्या पैशातून यंदा आधी काय करायचं, हे तिथे विचारता येतं. पुढच्या वेळी जाल तेव्हा मुलालाही सोबत न्या. मागे बसून ऐकू द्या. नगरपालिकेत जोतीरावांनी जो प्रश्न विचारला, तो आपल्या गावात कोण विचारतं, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.