सोहराब हे नाव



‘सोहराब’ नावाचे मूल बापाला लाभत नाही, अशी भीती कुणीतरी घातली की होऊ घातलेल्या आईच्या जिवाला घोर लागतो. या भीतीचे मूळ फिर्दौसीच्या ‘शाहनामा’त आहे. हे इराणी महाकाव्य इ.स. 1010च्या सुमारास पूर्ण झाले. त्यात समनगानची राजकन्या तहमीना हिला वीर रुस्तमपासून सोहराब होतो. बाळ जन्मण्याआधीच रुस्तम निघून जातो; जाताना मुलगा झाला तर दंडात बांधायला एक मणी ठेवतो. पुढे सोहराब बापाच्या शोधात तुराणी सैन्य घेऊन इराणवर येतो. रणात समोरच्या योद्ध्याला तो नाव विचारतो, पण रुस्तम ते सांगत नाही. मुलावर घाव घातल्यावर त्याला तो मणी दिसतो. इराणचा राजा कैकाऊस जखमेवरचे औषध द्यायला नकार देतो आणि सोहराब मरतो. सोहराबच्या मृत्यूनंतरचे औषध म्हणजे वेळ टळल्यावर आलेली मदत, अशी म्हण फारसीत आजही आहे.

या कथेचा आधार घेऊन मुलाच्या नावाला दोष देणे चूक आहे, आणि गर्भारशीला असे ऐकवणे तर निर्दयपणाचे. अनर्थ घडला तो बापाने आपले नाव लपवले म्हणून. सोहराब तर अखेरपर्यंत बापालाच शोधत होता.

नावाच्या पहिल्या भागात ‘लाल’ या अर्थाचा जुना इराणी शब्द आहे, असे सहसा मानतात. ‘आब’ म्हणजे पाणी, तसेच तेज. मोत्याचा आब, घराण्याचा आब मराठीतही आहेच. त्यामुळे ‘लालसर झळाळीचा’ असाही अर्थ लावला जातो.

इराणात ही कथा सर्वांना ठाऊक असूनही मुलांना हे नाव देतात. कवी आणि चित्रकार सोहराब सेपेहरी (1928–1980) तिथलेच. पारशांमध्ये त्याचे सोराब, सोराबजी झाले. 1866 साली नाशिकला जन्मलेल्या कायदेतज्ज्ञ कॉर्नेलिया सोराबजी यांच्या आडनावात ते आहे. सोराबजी पोचखानवाला यांनी 1911 साली मुंबईत सेंट्रल बँक उभी केली. चित्रपट दिग्दर्शक सोहराब मोदी 1897 साली जन्मले आणि ऐंशी ओलांडून 1984 साली गेले. विश्राम बेडेकरांनी 1963 साली याच कथेवर ‘रुस्तम सोहराब’ हा हिंदी चित्रपट काढला.

नाव मनापासून आवडले असेल तर आईबापांनी ते निर्धास्त ठेवावे. नसेल तर दुसरे शोधावे. दोन्हींत बाळाचे भलेच आहे. आईने मात्र या दिवसांत असल्या बोलण्यापायी झोप घालवू नये, वेळेवर जेवावे आणि जिवाला जपावे.